बाबा, समोर मी आहे

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आले, तशी तुम्ही मोबाइल मांडीवर पालथा घातलात. निफ्टीचा कॉल, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक वर जाईल यावर लावलेला ऑप्शनचा सौदा, मला दिसला होता. ताई-भाऊजी घरात होते म्हणून गप्प बसले. फोनवर तुमचा आवाज चढतो आणि मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे.

मी टिप देत नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं. पण माझ्याकडे टिप नसतेच. आमच्या ट्रेडिंग कंपनीचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘इतक्याला घेतो, इतक्याला देतो’ असे दोन्ही भाव लावून बसतो आणि मधले पाच-दहा पैसे कमावतो, दिवसातून हजारो वेळा. बाजार हलला की जुना भाव काही मायक्रोसेकंदांत मागे घेतो. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातला एक म्हणजे मायक्रोसेकंद. तुमचं बोट बटणापर्यंत पोचेतो सगळं होऊन गेलेलं असतं.

लहानपणी तुम्ही मला मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला न्यायचात. ढेपेला नख लावून, कण जिभेवर ठेवून म्हणायचात, “यात चुना जास्त पडलाय.” घेणारा, देणारा, अडत्या सगळे त्या ढिगाभोवतीच उभे असायचे. तिथं तुमची तीस वर्षांची नजर चालली. ऑप्शनला नख कुठं लावणार, बाबा?

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले. तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या साध्या माणसांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. आणि स्वतःच्या पैशावर व्यवहार करणाऱ्या आमच्यासारख्या कंपन्यांच्या 2023-24 च्या नफ्यातला 96 टक्के अल्गोतून, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅममधून, आला. परवा ते परत वाचताना तुमचा पालथा मोबाइल डोळ्यांपुढे आला. तुमच्या ऑर्डरच्या समोर मी आहे.

काम मला मनापासून आवडतं. ऑर्डर बाहेर पडण्याआधी भाव आणि नग तपासायचा कोड माझ्याकडे आहे. अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला आणि 1 ऑगस्ट 2012 ला पाऊण तासात 44 कोटी डॉलर गेले. म्हणून रोज सव्वानऊला बाजार उघडताना माझ्या छातीत धडधडतं. पण आमच्याकडे ठरलेला तोटा झाला की प्रोग्रॅम आपोआप थांबतो. पाठोपाठ दुसरा लॉट घेताना तुम्हाला कोण थांबवतं?

शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मीनं निघते. तोवर नवीन काही घेऊ नका. किती गेले ते मी विचारणार नाही, पण आईला सांगा. तिला माहीत नसेल तर मला झोप लागायची नाही.

आई, त्यांना बोलू नकोस. स्टेशनवर मात्र त्यांनाच पाठव.

तुमची,
धाकटी