चार ठोके कमी

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू आधी घाबरणार, मग मी तुझी समजूत काढत बसणार आणि विचारायचं ते राहूनच जाणार. शिवाय तुझ्याकडे स्पीकर कायम चालू आणि शेजारी आई. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यातून फोन लावू नकोस.

गेले साडेचार महिने माझी तब्येत ठीक नाही. अंथरूण धरलेलं नाही, नोकरी चालू आहे, मुलांची शाळा चालू आहे. मार्चमध्ये एका सकाळी डबे भरताना खाली पडलेलं झाकण उचलायला वाकले आणि सरळ होताना पायाखालची जमीन डावीकडे सरकली. चक्कर म्हणावी तर गरगरलं नाही, घेरी म्हणावी तर शुद्ध गेली नाही. छातीतली धडधड कानात ऐकू येत होती, आणि थोड्या वेळाने ओठांना, बोटांना मुंग्या. ओटा घट्ट धरून उभी राहिले. धाकटा म्हणाला, "आई, माझा डबा उघडाच आहे." झाकण मीच लावलं म्हणे. मला आठवत नाही.

इमर्जन्सीत ईसीजी काढला. हृदयाला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, ते काही तासांच्या अंतराने दोनदा तपासलं. दोन्ही वेळा ठीक. मग तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "ताण आहे का?" ४६व्या वर्षी, दोन मुलं आणि नोकरी सांभाळणारी कुठली बाई नाही म्हणेल? मी हो म्हणाले आणि तिथेच फसले. त्यांनी कागदावर 'चिंता' लिहिलं. त्यानंतर प्रत्येक नवा डॉक्टर आधी तो कागद वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा. मुंग्यांपुरतं त्यांचं बरोबर होतं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठ-बोटं मुंग्यांनी भरतात. पण जमीन सरकली ती मी घाबरायच्या आधी, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही सापडलंच नाही. टू-डी इको, २४ तास छातीला लावून ठोके टिपणारं होल्टर, मेंदूचा एमआरआय, थायरॉइड, साखर, बी-१२. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. तुला खरं सांगू, तिसऱ्या रिपोर्टनंतर त्या शब्दाचा राग यायला लागला. काहीतरी निघावं असं मनापासून वाटायचं आणि असं वाटल्याची पुन्हा लाज. एकच गोष्ट निघाली. हिमोग्लोबिन १२.६ म्हणजे उत्तम, पण शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन फक्त ११. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. जमीन अजून सरकते.

आता ज्या डॉक्टर बाई भेटल्यात त्या ऐकून घेतात. त्यांनी वही करायला लावली. त्रास कधी झाला, तेव्हा उभी होते की बसलेली, आदल्या रात्री झोप किती, पाळीचा कितवा दिवस. आणि घरी एक तपासणी करायला सांगितली. दहा मिनिटं निपचित पडायचं, नाडी मोजायची. मग उठून दहा मिनिटं कशालाही न टेकता उभं राहायचं आणि दर मिनिटाला नाडी आणि बीपी लिहायचं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर एक आजार. बीपी न उतरता नाडी दहा मिनिटांत ३० ने किंवा त्याहून जास्त वाढली आणि वाढलेलीच राहिली तर दुसरा.

लिहून घ्यायला मोठी बसली. चौदा वर्षांची आहे, पण त्या दिवशी नर्ससारखी ताठ. पडून ७१. उभं राहिल्यावर ८८, ९३, ९५. सातव्या मिनिटाला पाय कापसाचे झाले, मी भिंतीकडे बघत राहिले. दहाव्या मिनिटाला ९७. तिने वजाबाकी केली, सव्वीस. पुन्हा केली. मग पेन तसंच धरून हळूच म्हणाली, "आई, एकशे एक लिहू? म्हणजे तीस होतील ना."

मी तिला ओरडणार होते. पण ताई, तोच आकडा माझ्याही मनात येऊन गेला होता. नाव मिळायला चार ठोके कमी पडले.

आम्ही ९७ च लिहिलं. डॉक्टर म्हणाल्या, अशा पुष्कळ जणी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. वहीत एक मात्र दिसलं. वाईट दिवस बरेचसे पाळीच्या आधीच्या आठवड्यात पडतात. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी धडधड, चक्कर, तुटक झोप असू शकते, आणि पंचेचाळिशीनंतर ते रक्त तपासून ठरवत नाहीत, कारण हार्मोन्स रोज वरखाली होतात. लक्षणांवरूनच ओळखायचं. म्हणजे हे त्यातलं असेल किंवा नसेल. सध्या पाणी भरपूर, उठताना आधी दोन मिनिटं बसायचं, गाडी चालवायची नाही.

आता धाकट्याचं. मे महिन्यापासून मी आंघोळीला गेले की तो दाराबाहेर यायचा. "आई, शार्पनर कुठंय?" दोन मिनिटांनी, "आई, आज शनिवार ना?" मी वैतागायचे. एकदा म्हटलं, अरे, शार्पनर तुझ्या हातात आहे! आणि म्हणता म्हणताच समजलं. त्याला शार्पनर नको होतं. आतून आवाज येतो की नाही एवढंच ऐकायचं होतं.

आम्ही दोघांनी मुलांना तोवर काय सांगितलं होतं? "आईला जरा बरं नाही." बस. तुला हे वाक्य ओळखीचं वाटतं का? बाबा जिन्यात बसून राहिले होते, घामाने शर्ट भिजलेला, आणि आपल्याला दप्तरासकट शेजारी पाठवलं होतं. रात्री परत आलो तर बाबा खुर्चीत, पेपर वाचत. "बाबांना जरा बरं नव्हतं." तुला विचारायचं होतं, मला विचारायचं होतं, कुणीच विचारलं नाही. मी त्यानंतर कितीतरी दिवस जिना धावत चढायचे, बाबा तिथे बसलेले दिसू नयेत म्हणून.

मुलांना मग समोर बसवून सगळं सांगितलं. आईला काय होतंय ते अजून कळलेलं नाही, हेसुद्धा. छातीत दुखलं, शुद्ध गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर ताबडतोब अँब्युलन्स. नुसती चक्कर असेल तर आईला आडवं करायचं आणि पाणी द्यायचं. धाकट्याने ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. दाराबाहेरचे प्रश्न बंद नाही झाले, पण आता सरळ विचारतो, "आई, ठीक ना?"

आता तुझ्याकडचं काम. डॉक्टरांनी घरातल्या आजारांबद्दल विचारलं आणि मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. बाबांना तेव्हा जिन्यात काय झालं होतं? आईची पाळी कितव्या वर्षी गेली, आणि त्याआधी तिला असं काही व्हायचं का? तिला तूच विचार, मला ती "तसलं काय विचारतेस" म्हणून उडवून लावेल. आणि त्यांनी विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, पोहता येत असून बुडालंय का. मी नाही म्हणाले. घरी येताना बसमध्ये धाकटे काका आठवले.

पट्टीचे पोहणारे होते गं ते. आपल्या दोघींना त्यांनीच शिकवलं. ३४ वर्षांचा माणूस, रोजच्या पाण्यात, आणि सगळे म्हणाले दम लागला. ठोक्याची लय बिघडवणारे काही आजार घराण्यात उतरतात, आणि त्यातल्या एकात पोहताना, एकदम दमताना लय बिघडते. पडून काढलेला ईसीजी कधी कधी साफ असतो. अशा आजारात बहुतेक वेळा एका पालकाकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या बाबतीत हे असण्याची शक्यता कमी आहे, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाल्यात. ईसीजीतलं जे अंतर त्यात वाढतं ते माझं मर्यादेत आहे, पुढच्या महिन्यात ट्रेडमिलवरची तपासणी आहे. पण काकांना त्याआधी कधी भोवळ आली होती का, हे काकूंनाच माहीत असेल. तुला विचारवत नसेल तर मला नंबर पाठव, मी विचारते.

तुझी संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ, मुलं शाळेत गेलेली असतात. तेव्हा कर. स्पीकर बंद करून.

तुझी,
धाकटी

ता. क. यादीत तुझाही रकाना आहे. चार वर्षांपूर्वी तू सहा महिने प्रत्येक फोन पाच मिनिटांत ठेवायचीस, "जरा पडते आता" म्हणून. मी तेव्हा रागावले होते. काय होत होतं तुला?