पिरनवाडीच्या वायरिंगवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव अजून मला माहीत नाही. नाक्यावर विचारलं तर सगळे "वायरिंगवाले मामा" एवढंच सांगतात, आणि तुमच्या टपरीला पाटी नाही. फोन तुमचा बटणांचा, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या. ती कन्नड शाळेत जाते, मराठी जोडाक्षरांना अडखळते असं तुम्हीच म्हणाला होता. अडखळू दे, घाई करू नका.

मी जांबोटी रोडवरच्या शाळेतली बाई. पांढरी गाडी, जिच्या ॲक्सिलरेटरच्या केबलला बोट लावून तुम्ही झटकन हात मागे घेतलात, ती. आता आठवलं असेल.

त्या दिवशी पावसात धड आभारही मानता आले नाहीत. तुमच्या हातात पैसे कोंबले आणि पळाले, कारण हजेरीची वेळ टळून गेली होती.

गाडी मी मे महिन्यात घेतली. २०११ चं मॉडेल, तिसऱ्या मालकाकडून. वडगावातून शाळेला जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, आणि पावसाळ्यात दुसरी येईलच असं नाही. कोल्हापूरकडची एमएच ०९ ची एक गाडी स्वस्तात मिळत होती, पण एनओसी आणा, इथे परत टॅक्स भरा, त्यापेक्षा आपल्या बेळगावचीच केए २२ बरी म्हणून ही घेतली. पंधरा दिवस सुतासारखी चालली. मग एका सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक् टक् टक्. दुसऱ्यांदा फिरवली, तेच. तिसऱ्यांदा काहीच झालं नसल्यासारखी चालू झाली.

कायमची बंद पडली असती तर परवडलं असतं. ही कधी लागायची, कधी नाही. गॅरेजात नेली की शहाण्या मुलीसारखी पहिल्या चावीला चालू, आणि शाळेच्या पटांगणात मात्र हटून बसायची. मग सातवीची पोरं धक्का मारायला धावत यायची. "बाई, दुसऱ्या गिअरात टाका!" हे मला त्यांनीच शिकवलं. दुसरा गिअर, क्लच दाबून धरायचा, वेग आला की सोडायचा. गाडी धक्क्याने दरवेळी चालू व्हायची आणि पोरं शिट्ट्या मारायची. हेडबाई तेवढ्या गॅलरीतून बघत असायच्या.

पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली, ४,२०० रुपये. दुसऱ्याने सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटार, खोलून कार्बन ब्रश आणि बुश नवे टाकले, १,८००. तिसऱ्याने इग्निशन स्विच बदलला, १,१००. एकूण ७,१०० रुपये गेले, आणि दरवेळी आठ-दहा दिवस बरे जायचे, त्यामुळे दोष सापडला असंच वाटायचं. आणखी एक गोष्ट सांगते, तुम्हाला हसू येईल. तिन्ही ठिकाणी सगळं बोलणं आमच्या ह्यांच्याशी झालं. ह्यांना गाडी चालवता येत नाही.

त्या दिवशी किणयेत औषधाच्या दुकानासमोर थांबले आणि परत चावी फिरवली तर तोच टक् टक्. जुलैचा पाऊस, समोरचं दिसत नव्हतं. चहावाल्या पोराने तुम्हाला फोन लावला. तुम्ही आलात ते खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलंत, "कधी कधी असं करते, बाई? सकाळी, का दुपारी? पाऊस असला की जास्त?" तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले: सकाळी जास्त, पावसात जास्त, खराब रस्त्यावरून आल्यावर कधीकधी, धक्क्याने नेहमी चालू होते.

"धक्क्यानं चालू होते न्हवं? मग पेट्रोल बरोबर हाय, स्पार्क बरोबर हाय. सेल्फपर्यंतच भानगड हाय बघा," असं म्हणत निम्मं इंजिन तुम्ही वगळून टाकलंत, आणि तेही पाना हातात न घेता.

मग हेडलाइट लावायला सांगितलेत आणि चावी फिरवायला. दिवे तसेच लख्ख राहिले, सेल्फ मात्र टकटकत राहिला. बॅटरी किंवा तिचं टर्मिनल गेलं असतं तर दिवे पार मंदावले असते, हे तुम्ही सांगितलंत. बॅटरीवर मीटर लावला, १२.५ व्होल्ट. "ही काय करालीय बिचारी, ही चांगली हाय की." पुढचं मी जन्मात विसरणार नाही. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर टेकवून दोन्ही काड्या माझ्या हातात दिल्यात, चहावाल्या पोराला चावी फिरवायला बसवलंत आणि म्हणालात, "तुम्हीच वाचा." आकडा साडेसात-आठच्या आसपास नाचत होता. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये, शून्याच्या जवळ पाहिजे. म्हणजे बॅटरीतला अर्ध्याहून जास्त जोर त्या एका रस्त्यातच मरत होता, सेल्फपर्यंत पोचतच नव्हता.

आणि मग ती केबल. ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलला बोट लावून तुम्ही हात मागे घेतलात, मग मलाही लावायला सांगितलंत. चांगली चटका बसेल इतकी गरम होती, आणि इंजिन तर चालूच झालेलं नव्हतं! मी विचारलं हे कसं, तर तुम्ही म्हणालात, "टिळकवाडीत रेल्वेचं दुसरं गेट पडलं की आपण काय करतो, बाई? गल्लीबोळातनं घालतो की गाडी. करंटचं पण तसंच."

मी विज्ञान शिकवते, मामा, पण परतीचा प्रवाह मुलांना इतक्या सरळ कधी सांगता आला नव्हता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडीशी त्याचा धातूचा संबंध येत नाही. सेल्फमधून गेलेला करंट बॅटरीकडे परत यायला जाड अर्थची केबल असते. हेडलाइटचा एक बल्ब जेमतेम पाच अँपिअर खातो आणि त्याची अर्थची वायर बॉडीला वेगळी, त्याला काही फरक पडला नाही. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. जाड रस्ता बंद, म्हणून ते सगळं इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या त्या बिचाऱ्या बारीक ॲक्सिलरेटरच्या केबलमधून घुसायला बघत होतं.

बॅटरी आणि तिचा ट्रे काढून तुम्ही ती जाड अर्थची केबल गिअरबॉक्सवरून सोडवलीत. वरून बघितली तर झकास. काळं आवरण सुरीने चिरलंत तेव्हा आतून हिरवट भुकटी सांडली. निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या केसासारख्या झालेल्या. इंजिन हललं की कधी टेकायच्या, कधी नाही. बॅटरीचं ॲसिड वर्षानुवर्षं तिथेच ओघळलं असणार, त्यात आपला खानापूरकडचा पाऊस. तीन गॅरेजवाल्यांनी ती बॅटरी वर उचलली होती किंवा तिच्या शेजारी हात घातला होता, पण खाली कुणी पाहिलं नाही.

वेल्डिंगच्या केबलचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना तांब्याची लग, म्हणजे बोल्टात अडकवायची कडी, दाबून बसवलेली. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासलीत, बोल्ट आवळलात, वरून ग्रीस फासलंत. मग परत त्याच दोन जागांवर काड्या माझ्याच हातात. चावी फिरली, इंजिन चालू झालं आणि मीटरवर आला ०.१. मी ओरडलेच जवळजवळ. चहावाला पोरगा हॉर्न वाजवत सुटला.

तुम्ही मागितलेत सामानासकट ४३०. मी पाचशे दिले तर सत्तर परत करायला खिसे चाचपत बसलात. आणि जाताना मीटर माझ्याकडेच ठेवलात: "आठ दिवस रोज सकाळी बॅटरी बघा, वहीत लिवा. उतरत गेली तर आणखी कुठंतरी करंट खाऊन टाकालंय म्हणून समजा."

लिहिलंय, मामा. आठ दिवस म्हणालात, मी अठरा दिवस लिहिलं. सकाळी चालू करायच्या आधी १२.४ ते १२.६ च्या मध्ये, इंजिन चालू असताना १४.१. एकदा १२.२ भरलं, पण त्या रात्री धाकट्याने आतला दिवा चालू ठेवला होता, ते मोजू नका. एकाही सकाळी धक्का लागला नाही. सातवीची पोरं थोडी नाराज आहेत. ती जुनी कुजकी केबल मी वर्गात नेली होती, आता विज्ञानाच्या कपाटात चुंबकांशेजारी ठेवलीय.

मीटर फार दिवस राहिला माझ्याकडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वहीसकट आणून देते. सत्तर रुपयेही तुमच्याकडे सुटे नव्हतेच, ते मी विसरलेय. नातीला विचारून ठेवा तिला कुंदा आवडतो का, शहरातूनच घेऊन येते.

तुमची,
जांबोटी रोडवरची बाई