रूळ गेले, स्टेशनं उरली

ठाणे (पश्चिम)
श्रावण, पाऊस चालूच

प्रिय बये,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. ‘नंतर करते’ असा मेसेज टाकला आणि नंतरही केला नाही. चिडली असशीलच. पण तुला एक कबुली द्यायची होती आणि ती फोनवर द्यायची हिंमत होत नव्हती. तुझ्या आजीच्या लुगड्याला भोकं पडली आहेत. कसर नाही, उंदीर नाही, कारण मी आहे.

आधी मागचं सांगते, म्हणजे शिव्या देताना तुला हिशोब लागेल.

गेल्या वर्षी एका ऑफिसची ऑर्डर घेतली होती. भिंतीवर लावायचे चाळीस तुकडे, सगळे निळे आणि सगळे एकसारखे. हाताने रंगवलेलं हवं, पण हाताने रंगवल्यासारखं दिसायला नको! गॅलरीत निळीचा हंडा मांडला, चुना-गूळ घातला. रोज पहाटे उठून झाकण उघडायचं, वास घ्यायचा, वर तांबूस साय आली का बघायचं. तुला माहीतच आहे, तो हंडा तान्ह्या पोरासारखा सांभाळावा लागतो. खालच्या मजल्यावर निळे थेंब गेले म्हणून सोसायटीची नोटीस आली. चाळीस झाले, निम्मे पैसे मिळाले. उरलेल्या निम्म्यांसाठी मी अजून ‘जस्ट अ रिमाइंडर’ लिहीत असते. त्या गोष्टीचं एवढंच.

पण खरं सांगू का, त्या ऑर्डरने मला बसवलं नाही. बसवलं त्यानंतरच्या प्रदर्शनाने. त्यांना कामाबरोबर निवेदन हवं होतं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याचा कापूस आणि बक्रम वाखाणलं इथपासून मी सुरुवात केली. (बक्रम, अगं! तेव्हाचं तलम कापड आणि आता आपला शिंपी कॉलरमध्ये घालतो ते.) मग १९२५ साली सुरू झालेली रेमंडची लोकरीची गिरणी आली, मग भिवंडीचे यंत्रमाग आणि या सगळ्याच्या मध्ये सुई घेऊन बसलेली मी. कापड तीन फूट आणि निवेदन चार पानं. लोक ती पानं वाचायचे, मान हलवायचे आणि कापडाकडे पाठ करून माझ्याशी बोलायचे. एकानेही कापडाला हात लावून पाहिलं नाही. पाटीच होती ना, ‘हात लावू नये’.

त्यानंतर चौदा महिने मी सुई धरली नाही.

काय केलं या महिन्यांत? दोऱ्यांचे डबे लावले, आधी रंगाप्रमाणे, मग जाडीप्रमाणे, मग परत रंगाप्रमाणे. रात्री फोनवर दुसऱ्यांची कामं बघून जळत बसले. नवरा म्हणाला, थोडं फिरून ये, म्हणून येऊरच्या रस्त्याने चालायला लागले. वजन दोन किलो उतरलं, सुचलं काहीच नाही. ‘ब्रेक घे, आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांना मला सांगावंसं वाटायचं, अहो, बस आहे का ती?

आणि जुलैत माळा गळला. ट्रंक खाली काढली आणि तळाशी आपलं डिप्लोमाचं काम. आठवतंय? तुझ्या आजीचं पांढरं सुती नऊवारी, पुऱ्या लांबीवर बोरीबंदर ते ठाणे. १८५३ ची ती चौतीस किलोमीटरची लाइन, त्यावर आपली रोजची एकोणीस स्टेशनं. हिरड्याच्या पाण्यात लुगडं बुडवलं होतं, फक्त पदराकडचा हातभर कोरा सोडून. तुरटीने ठिपके काढून मंजिष्ठाच्या मुळांच्या लाल रंगात उकळलं, ती लाल स्टेशनं. आणि रूळ काढले लोखंडाच्या पाण्याने. गंजके खिळे आणि गूळ तीन आठवडे बरणीत कुजवला होता, तुझ्या आईने ती बरणी नंतर फेकून दिली.

ब्रश फिरवला की पिवळट कापडावर रेघ डोळ्यांदेखत काळी व्हायची. मला ती अजून काळी हवी होती. तू म्हणालीस, ‘बास, जळेल ते.’ मी तीन हात मारले. वर सबमिशनची घाई, म्हणून नीट धुतलंही नाही. लोखंड आणि त्यातलं आम्ल सुताला हळूहळू खातं. जुन्या छापील कापडांतसुद्धा आधी काळी रेघच विरते. हे सगळं आपल्याला शिकवलं होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं.

घडी उलगडली आणि रुळांचा भुगा मांडीवर पडला. मंजिष्ठाचे ठिपके मात्र कालच काढल्यासारखे लाल. रूळ गेले, स्टेशनं उरली. सासूबाई डोकावून म्हणाल्या, ‘हे आता बोहारीणसुद्धा घेणार नाही.’

मी रडले नाही. फेकवेना, एवढंच. जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत एका ड्रायक्लीनरच्या उंबऱ्यावर एक म्हातारे रफूगर बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. मूळचे नजीबाबादचे. तिथल्या रफूगरांनी पिढ्यान्पिढ्या काश्मिरी शाली दुरुस्त केल्या आहेत. मला वाटलं, पैसे देऊ आणि मोकळ्या होऊ. त्यांनी लुगडं उजेडासमोर धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘इतना मैं नहीं करूँगा, आँख जाएगी. बैठो, तुम करो.’

तीन दुपारी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. आपल्याला सुई येते असं मला वाटत होतं, बये. मला टाका येत होता, रफू येत नव्हतं. भोकाच्या काठावर सुई घालायची नाही, तिथलं सूत मेलेलं असतं. धडधाकट कापड लागेपर्यंत मागे जायचं आणि तिथून यायचं. आधी उभे दोरे ताणून घ्यायचे, मग आडवा एक वरून, एक खालून. वळताना दोरा ओढायचा नाही, मुंगीएवढा फास सैल सोडायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड चिमटतं. आणि नवा दोरा चालत नाही. ‘नया धागा पुराने कपड़े को काटता है,’ म्हणाले. कापडाचाच दोरा हवा. म्हणून त्या कोऱ्या पदरातून मी दोरे उसवून काढले. तुला न विचारता. ही दुसरी कबुली.

हे कशावर आहे, का केलं, काय म्हणायचंय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझं काम ते उलट बाजूने बघायचे, अंगठा फिरवायचे, ‘यहाँ मोटा हुआ’ म्हणायचे आणि मी ते उसवायचे. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाले, ‘ये लाइन क्या है?’ मी म्हटलं, रेल्वे. त्यांनी बोटाने लाल ठिपके मोजले आणि म्हणाले, ‘तो ये स्लो लोकल है.’

घरी येताना तलावपाळीला उतरले, भर पावसात कट्ट्यावर बसले आणि एकटीच हसत सुटले. चौदा महिने मी समजत होते की माझं काम संपलं, आटलं. मला कामाचा कंटाळा आलाच नव्हता गं. कामाबद्दल बोलण्याचा आला होता, आणि दोन्हींची चव इतकी सारखी लागली की मी ताटच बाजूला सारलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. पहिला आठवडा बोटं ऐकत नव्हती. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुपारी तीननंतर ढगाळ उजेडात उभं सूत दिसतच नाही. दिवसाला वीतभर होतं, कधी तेवढंही नाही. एका बुधवारी केलेलं सगळं गुरुवारी उसवलं. पण सकाळी चहा झाला की मी कोणी न सांगता खिडकीपाशी जाऊन बसते. परवा तर हात रिकामा होता म्हणून हिरडा कुटायला घेतला. कशासाठी ते अजून ठरवलेलं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त खलबत्त्याखाली जुना टॉवेल सरकवला, खालच्यांची तक्रार यायला नको म्हणून.

रूळ मी परत काळे करणार नाही. पिवळट पडलेल्या कापडावर पदराच्या कोऱ्या दोऱ्यांचे दोन पांढरे पट्टे उमटतात, तसेच ठेवतेय. रफूगर चाचांच्या लेखी हे नापासच, कारण रफू दिसता कामा नये. माझं दिसतं. यावर आमचं एकमत होणार नाही आणि दोघांचंही काही बिघडत नाही. फोटो काढलेला नाही, तेव्हा मागू नकोस.

ठाण्याकडून सुरुवात केली. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर झालं. सध्या विक्रोळीला आहे. पुढचं घाटकोपर तुझं, सकाळच्या गर्दीत मी तुझ्यासाठी खिडकी धरून ठेवायचे ते. तिथे रूळ सगळ्यांत वाईट विरलेत, कारण तिथला तिसरा हात तू मारला होतास. हो, तूच, ‘बास’ म्हणाल्यावर, माझ्याच हातातून ब्रश घेऊन. तेवढा भाग मी सोडून पुढे विद्याविहारला जाणार आहे.

गणपती झाले की कोल्हापूरहून ये. चष्मा आण. आजीचं दुसरं एखादं पांढरं लुगडं असेल तर तेही आण, हा पदर कुर्ल्यापर्यंतच पुरेल असं दिसतंय.

तुझी,
ठाणेकरीण