बाबांच्या ताकाची सोय

उमेओ, स्वीडन

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं काढली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, व्हिसाच्या ९० दिवसांत बसेल असं. न विचारता काढली, कारण विचारलं असतं तर बाबा ‘बघू’ म्हणाले असते आणि त्यांच्या ‘बघू’चं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दिवाळीत बाबांच्या तब्येतीचं जे झालं त्यानंतर तुम्ही दोघंच तिथे, हे मला सहन होत नाही. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला आहे. थंडी बाहेर असेल, घरात नाही. आणि मार्चमध्ये इथे उजेड इतक्या भराभर वाढतो की आईला करमेल.

राहिला ताकाचा प्रश्न. बाबा, तुम्ही तो हसत हसत काढलात, पण शेवटचा ताकभात नसेल तर तुमचं जेवण झालंच नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याची सोय इथे आहे, आणि चांगली आहे. आई, आता तू नीट वाच, कारण स्वयंपाकघर तुझ्या हातात जाणार आहे.

दुकानातलं योगर्ट आपल्याला चालत नाही. ते ४० ते ४३ अंशांवर लावलेलं असतं, त्याचे जिवाणू वेगळे आणि आंबटपणाही वेगळा. इथे घरोघरी खातात ते फील, पूर्ण नाव फीलम्योल्क. ते २० ते २२ अंशांवरच लागतं. त्यातले काही जिवाणू दूध आंबवतात, काही त्याला वास देतात, आणि तो वास ताज्या लोण्यासारखा असतो. दह्यापेक्षा सौम्य, ओतता येईल इतकं पातळ. घुसळलं की ताकच.

कृती अशी. दूध लाल खोक्यातलं, ३ टक्के स्निग्धांशाचं (हिरव्यात १.५ टक्के असतात, निळ्यात ०.५, निळ्याचं फील पाणचट होतं). एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात ९० अंशांपर्यंत तापव आणि तिथेच पाच-दहा मिनिटं ठेव. खोक्यातलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, न तापवताही लागतं. पण तापवल्याने दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडतात, केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, आणि फील दाट होऊन पाणी कमी सोडतं. मग २२ अंशांपर्यंत गार होऊ दे. इथेच तुझा हात फसेल, आई. तू बोट बुडवून ‘कोमट झालं’ म्हणतेस, तेव्हा दूध ३५-४० अंशांवर असतं. फीलसाठी बोटाला किंचित गारच लागलं पाहिजे. पातेल्यापाशी थर्मामीटर ठेवलाय, तो वापरायचा. अंदाज नको.

एका लिटरला दोन टेबलस्पून फील विरजण म्हणून घाल, आधी वाटीभर दुधात मोडून, मग सगळ्यात. जास्त घातलं की लवकर लागेल असं वाटतं, पण ते पटकन आंबतं आणि कणीदार होतं. सैल झाकण लावून १८ ते २४ तास ठेव. साताऱ्याला थंडीत तू भांडं शालीत गुंडाळून ठेवतेस, तसं इथे करायचं नाही. खिडकीच्या कठड्यावर नको, तिथे रात्री १५-१६ अंशच असतात आणि दोन दिवसांनीही धड लागत नाही. घर तापवणाऱ्या रेडिएटरवर तर मुळीच नको. तिशीच्या वर वास देणारे जिवाणू मागे पडतात, नुसता आंबटपणा उरतो आणि वर पाणी सुटतं. मसाल्यांच्या फडताळात मधल्या कप्प्यात ठेव. लागताना हलवायचं नाही, लागलं की फ्रीजमध्ये. बाबांना सौम्य वाटलं तर आणखी सहा तास बाहेर राहू दे.

चोवीस तासांत लागलं नाही तर तीनच कारणं असतात: विरजण जुनं, जागा थंड, किंवा दूध न तापवता फ्रीजमधून काढून लगेच विरजलेलं. गार लिटरभर दूध घराच्या उबेला यायलाच कित्येक तास जातात. जिभेला जरा चुणचुणलं तर घाबरू नकोस, ते जिवाणूंनीच केलेल्या वायूचे बुडबुडे असतात. गुलाबी किंवा नारिंगी डाग, बुरशी, यीस्टचा वास, यातलं काहीही दिसलं की सगळं फेकायचं. वरचं काढून खालचं वापरायचं नाही. अन्न टाकवत नाही तुला, माहीत आहे, पण बाबांच्या पोटाचा प्रश्न आहे.

पहिलं विरजण दुकानातल्या साध्या फीलचं. फळांच्या चवीचं नको. आ-फील नावाच्या खोक्यात अ‍ॅसिडोफिलस नावाचे जिवाणू घातलेले असतात. ते २० अंशांवर वाढत नाहीत, त्यामुळे घरी त्याचं साधं फीलच होतं आणि जादा पैसे वाया जातात. पुढच्या वेळचं विरजण पानात वाढण्याआधी कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढून ठेव आणि आठवड्याच्या आत वापर.

आता दुसरी बरणी. तिच्यात लोंगफील आहे, ते या उत्तरेकडचंच. चमचा बुडवून वर उचललास की चिकाच्या तारेसारखी लांब तार निघते, तुटता तुटत नाही. नासलं समजून ओतून देऊ नकोस! त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून लांब साखळ्या बनवतात, त्याचीच ती तार. जास्त उबेत त्यांचा हा गुण कायमचा जाऊ शकतो, म्हणून याला २० अंशांच्या आसपासच ठेव. कार्ल लिनियस हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ १७३२ साली लॅपलँडच्या प्रवासात याच गावावरून गेला होता. १७३७ च्या पुस्तकात त्याने इथल्या तार येणाऱ्या दुधाबद्दल लिहिलंय, की एका किडे खाणाऱ्या वनस्पतीच्या पानांवर लोक दूध ओततात. ही गोष्ट बाबांसाठी, त्यांना आवडेल. विरजायला मात्र आधीचं लोंगफीलच लागतं, पानं नाहीत. दोन्ही बरण्यांचे चमचे वेगळे ठेव, नाहीतर साध्या फीललाही तार येते आणि मग बाबा ताक पिणार नाहीत. लोंगफीलवर सुंठपूड घालून खायची इथे रीत आहे, थोडं खाऊन बघा.

साध्या फीलचा चक्का छान होतो: पंच्यात बांधून फ्रीजमध्ये रात्रभर टांगायचं, सकाळी निम्म्याहून कमी उरतं. लोंगफीलचा होत नाही, तार पाणी सोडत नाही. कोशिंबिरीला असाच थोडा निथळलेला चक्का घे. कढीसाठी अर्धा लिटर फील, तितकंच पाणी आणि दोन चमचे बेसन गारच असताना घुसळून घे, मग मंद आचेवर पहिली उकळी येईतो ढवळत राहा. ढवळणं थांबवलंस तर फाटेल. तुपाची काळजी नको, इथलं बरंचसं लोणी आंबवलेल्या सायीचं असतं. बिनमिठाचं आणून कढवलं की घरच्यासारखं तूप होतं.

बाबा, ताकात मीठ नाही. जिऱ्याची पूड, आलं, कोथिंबीर हवी तेवढी. इथे मी समोर असणार आहे, त्यामुळे आईच्या पाठीमागे चिमूट टाकता येणार नाही. रागावू नका. तुम्हाला आवडेल तेवढं आंबट ताक मी रोज करून देईन, वाटी तुमचीच, ती मोठी. आणि आई, थायरॉइडच्या गोळीनंतर तासभर फील नाही, दूध नाही, चहाही नाही.

सामानाबद्दल. विरजण आणायचं नाही, सुकवून रुमालाला लावूनसुद्धा नाही. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, खवा, पनीर सगळं आलं, आणि विमानतळावर काढून घेतात. मावशीचं ऐकू नकोस, तिच्या वेळचं वेगळं होतं. आणायचं ते हिंग, मेतकूट, आमसुलं आणि आपली लहान लाकडी रवी. इथे फेटणी मिळते, तिने ताक होतं पण घुसळल्याचं समाधान नाही. बाबांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, बाबांनी नको म्हणायचं नाही.

तुमची,
चिमणी