तलावाला भिंत नको, काठ पाहिजे

मा. संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या घराजवळच्या तलावाचं सौंदर्यीकरण होणार म्हणून बोर्ड लागला आहे. जवळ जाऊन नीट पाहिलं तर चारही बाजूंनी दगडी पिचिंग, त्यावर पेव्हर ब्लॉक, जॉगिंग ट्रॅक, रंगीत लाईट अन् एक सेल्फी पॉईंट. चित्रात पाण्यावर दोन पांढरी बदकं पण दाखवली आहेत, पाळीव असतात तशी. सध्या तिथे खरोखरच्या अडया (रानबदकं) येतात, टिबुकल्या (छोटे पाणपक्षी) असतात, हिवाळ्यात काळेकुट्ट वारकरी पक्षी येतात, पण ते बोर्डावर नाहीत, आणि काम झाल्यावर तलावावर तरी किती राहतील शंकाच आहे.

कारण साधं आहे. पक्ष्याला खोल पाणी दुरून पाहायला नाही लागत, त्याला उथळ काठ लागतो, चिखल, गवत, पाणकणीस, कमळाची पानं. कमळपक्षी चालतो पानावर अन् अंडी पण पाण्यावरच्या पानांवरच घालतो, तो काय पेव्हर ब्लॉकवर घालणार? मासे, बेडकांची पिल्लं पण वाढतात त्या उथळ पाण्यातच. भिंत उभी केली की एका फुटात जमीन संपते अन् पाणी सुरू, मधली जागाच गायब, आणि तलावाचा जीव त्या मधल्या जागेतच असतो.

आता कोणी म्हणेल पक्ष्यांचं काय घेऊन बसलात. ठीक आहे, माणसांचं घ्या. आपल्या नागपुरातली २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये. आमच्या नातेवाईकांच्या घरात फ्रिज तरंगून राहिला होता. एखादी बोडी, म्हणजे छोटा तलाव, वाचली असती तर तो पूर आलाच नसता असं मी म्हणत नाही, पण पूर्वी पाण्याला पसरायला खोलगट जागा होत्या, तिथे मुरम टाकून लेआऊट पडले, मग पाणी जाईल कुठे? आपल्या पांढराबोडी वस्तीच्या तर नावातच बोडी आहे. आणि हेच पाणी जमिनीत मुरलं असतं तर मे महिन्यात ४५ डिग्रीत टँकरवाल्याला फोन करायची वेळ थोडी कमी आली असती.

जलपर्णीचंही तेच. मशीन लावून काढतात, फोटो छापून येतो, काही महिन्यांनी परत हिरवंगार. अहो, गडर लाईनचं पाणी आत येणं बंद नाही केलं तर ती वाढणारच, तिला तेच खत मिळून राहिलं ना. आधी सांडपाणी थांबवा, मग मशीन आणा.

हे जमत नाही असंही नाही, बाजूच्या भंडारा जिल्ह्यात पहा. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यातल्या काहींत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी अन् गावातल्या बायकांनी बेशरम नावाची माजलेली झुडपं उपटून काढली, पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावल्या, मग देशी मासे परत मिळायला लागले अन् मागोमाग पक्षी पण आले. तिथे सेल्फी पॉईंट नव्हता, कोणतं पाणगवत कुठल्या माशाला लागतं हे ठाऊक असलेली माणसं होती. आपल्याकडे टेंडर काढताना अशा माणसांना कोणी विचारतं का?

कायद्याचा फार आधार आहे असंही नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी माणसानं बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत, आणि नागपूरचे अंबाझरी, फुटाळा वगैरे तलाव तर बांधलेलेच. आता वारकरी पक्षी उतरायच्या आधी तलावाचा सातबारा थोडीच पाहतो!

जॉगिंग ट्रॅकला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज सकाळी चालतो. मागणी एवढीच की ट्रॅक एका बाजूला करा आणि ज्या बाजूनं पावसाचं पाणी आत येतं तो काठ मातीचाच राहू द्या, उतरता, गवताचा, रात्री लाईट नसलेला. अन् काम सुरू व्हायच्या आधी तो नकाशा वॉर्डातल्या लोकांना दाखवा, बोर्डावरचं चित्र नाही, खरा नकाशा.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर