पोस्ट माझी, नाव पु.लं.चं!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘सोशल मीडियावरून साभार’ असं लिहून एक लेख छापलाय, खाली लेखकाचं नाव नाही. आता सोशल मीडिया काय स्वतः लेख लिहितो होय, कुणीतरी बसून टाइप केलाच असणार की. हे एवढं लागलं कारण माझ्याबाबतीत नेमकं हेच झालंय.

रिटायर झाल्यावर मी ब्लॉग सुरू केला. मिरजेचीच असल्यामुळं सतारमेकर गल्लीतल्या कामाबद्दल लिहायचं ठरवलं. सुरुवातीला ‘ऱ्या’ उमटवायलाच घाम फुटायचा, आणि व्ह्यूजचा आकडा वाढला की मी खूश, मग कळायचं की पुण्याहून सुनेनंच उघडून बघितलंय. ते असो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची पोस्ट मात्र मन लावून लिहिलेली. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, खायचे नव्हेत, कडू. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजत घालतात, नरम पडला की आतनं काड्यांचे टेकू देऊन हवा तसा फुगवतात आणि तसाच परत वाळू देतात. आणि शेवटी जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासत, तारेखालचा दोरा कणभर इकडं तिकडं सरकवत तो घुमारा जुळवायचा, ते बघत मी दुकानात इतका वेळ बसले की कारागीर म्हणाले, मावशी, चहा सांगू का.

ती पोस्ट कुणीतरी उचलली. आमच्याच फॅमिली ग्रुपवर मावसभावानं टाकली, वर डबल बाण म्हणजे बरीच फिरून आलेली, शब्द न् शब्द माझा आणि खाली पु. ल. देशपांडे! अहो, पु.ल. गेले २००० साली, आणि त्यात कारागिराचा मुलगा यूट्यूबवर जवारी ऐकवतो असं लिहिलंय, एवढंही कुणी बघितलं नाही. मी म्हणलं हे माझं आहे, तर भाऊ म्हणतो, ‘असू दे की ताई, लोकांपर्यंत पोचलं ना.’

काय पोचलं? माझ्या मानपानाचं जाऊ दे, पण शेवटी दुकानाचा पत्ता होता तोही छाटलाय, म्हणजे ज्याच्या कामाचं कौतुक चाललंय त्यालाच त्यातनं गिऱ्हाईक मिळायचं नाही. शिवाय २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते मी ब्लॉगवर लगेच घातलं. फिरणाऱ्या मजकुरात मात्र अजून ‘जीआय कधी मिळणार’ हेच चालू आहे, आणि ते बदलणं आता कुणाच्याच हातात नाही.

कायदाही काही आजचा नाही, १९५७ चा आहे. लिहिलं की कॉपीराइट आपोआप येतो, नोंदणी लागत नाही, आणि कलम ५७ प्रमाणे तो विकला तरी लेखक म्हणून नाव सांगायचा हक्क लिहिणाऱ्याकडंच राहतो. पण म्हणून मी काय मावसभावावर केस घालू?

त्याला सांगून उपयोग नाही, आपल्याला मात्र सांगता येतं. असा मजकूर छापायच्या आधी त्यातलं एखादं वाक्य अवतरणचिन्हात घालून गूगलवर टाकून बघा, पुष्कळदा मूळ ब्लॉग सापडतो. नाही सापडला तर छापू नका, त्या जागेत शब्दकोडं मोठं करा, आमची काही हरकत नाही.

आपली नेहमीची वाचक,
मिरज