गाडीच्या पलीकडच्या जागा

ठाणे (पूर्व)

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

ॲम्ब्युलन्सवर ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणून दोन वर्षं झाली, आता नर्सिंगला जाऊ का, असं विचारलंयस. जायचं तर खुशाल जा; पण ॲम्ब्युलन्सच्या कामाला पुढे वाटच नाही, असं समजून जाऊ नकोस. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत २०१४ पासून डॉक्टर बसतात, त्यामुळे तुमच्या जागा खाजगी हॉस्पिटलं, कारखाने आणि कंट्रोल रूममध्ये शोधाव्या लागतात, एवढंच.

मी आधी कंट्रोल रूम घे म्हणेन. गाडीतल्या पोरांना ती खुर्ची कमीपणाची वाटते. का, कोण जाणे! फोन आला की आधी समोरच्याचा नंबर टिपायचा, मग पत्ता. मध्येच फोन कट झाला तरी परत लावता येतो. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर १०’ लिहून घेतलं तर गाडी भलतीकडेच जायची. वाशीत सेक्टर १० आहे, नेरूळला आहे, खारघरलाही आहे. आधी वाशी की नेरूळ ते विचारायचं, सेक्टर नंतर. घोडबंदर रोडला कॉम्प्लेक्सचं नाव पुरत नाही. विंग आणि गेट हवं, शिवाय गेटवर कुणाला तरी उभं राहायला सांगायचं.

मग दोन प्रश्न: शुद्धीवर आहे का, आणि श्वास नेहमीसारखा चालतोय का? बेशुद्ध माणसाबद्दल ‘घोरतोय’, ‘मधूनच आचका देतोय’ असं कळलं, तर तो श्वास चालू आहे असं धरायचं नाही. नवखा ऑपरेटर ‘श्वास चालू’ अशी नोंद करतो आणि हातची मिनिटं जातात. लगेच फोनवरूनच छाती दाबायला लावायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि घरात दुसरं कुणी असेल तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. असे आचके डोळ्यांनी पाहिलेल्याला ते फोनवरच्या वर्णनावरूनही ओळखता येतात. तुझी दोन वर्षं तिथे कामी येतील.

त्यानंतर आयसीयू ट्रान्सफर, म्हणजे अत्यवस्थ पेशंट एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात नेणं. इथे गणित पक्कं हवं. बी टाइप सिलिंडर १५० बार दाबाला भरला की साधारण १५०० लिटर ऑक्सिजन देतो. काटा १०० वर म्हणजे १००० लिटर, मिनिटाला १० लिटरने १०० मिनिटं. वाशीहून परळला तेवढं पुरेल, पण संध्याकाळी खाडीपुलावर अडकलात तर? अंदाजाच्या दुप्पट घेऊनच निघायचं. काही व्हेंटिलेटर स्वतः चालायलाही गॅस खातात. तो हिशेबात धरायचा राहतो आणि अर्ध्या वाटेत काटा खाली येतो. नवजात बाळ न्यायचं तर इन्क्युबेटर निघण्याआधीच गरम करून ठेवायचा आणि बॅटरी चार्ज आहे ना ते बघायचं. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राहिलं पाहिजे. बाळ गार पडलं की साखर उतरते, श्वासही बिघडतो, आणि पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना आधी तेच निस्तरावं लागतं.

गाड्यांचं सामान सांभाळायचं स्टोअरचं काम रटाळ, पण सहा महिने तरी कर. सक्शनची (घशातला स्राव ओढून घेणाऱ्या यंत्राची) नळी चिमटून काटा ३०० मिमी पाऱ्याच्या वर जातो का, लॅरिंगोस्कोपचा (नळी घालताना घसा बघायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, एईडीच्या (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राच्या) पॅडची तारीख काय, हे रोज तपासायला लागलीस की गाड्या नेमक्या कशाने दगा देतात ते कळतं. पुढे कुणी सुपरवायझर नेमायचं ठरवलं, तर हेच विचारतात.

महापे-रबाळेकडच्या कंपन्यांचंही बघ. कारखान्यात ५०० च्या वर कामगार असले तर कायद्याने ॲम्ब्युलन्स रूम ठेवावी लागते. ड्यूटी ठरलेली, पगार वेळेवर. मात्र पेशंट कमी, त्यामुळे हाताची सवय मोडते. गॅस गळतीत वाऱ्याच्या दिशेने उभं राहायचं नाही, वारा पाठीवर घ्यायचा, आणि अग्निशमनवाल्यांनी बाहेर आणल्याशिवाय पेशंटला हात लावायला आत धावायचं नाही, हे मात्र तिथे शिकशील. पण वर्षभरापेक्षा जास्त तिथे रमू नकोस, असं माझं मत.

ट्रेनर व्हायचं डोक्यात आहे ते चांगलंच आहे, पण ते या सगळ्यानंतर. बीएलएस, एसीएलएसची (जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि प्रगत उपचारांच्या कोर्सची) प्रमाणपत्रं दोन वर्षांचीच असतात. तुझी कधी संपतात ते बघून ठेव, संपल्यावर धावपळ नको.

रविवारी येशील तेव्हा अनुभवाचे दाखले आणि प्रमाणपत्रं घेऊन ये, बायोडेटा नीट करू. आईने कोकम काढून ठेवलंय, तेही घेऊन जा.

तुझे,
बाबा